औषध कमी पडले, की पानाच्या वरच्याच बाजूला पडले?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: इंदूरचे एक वाचक, वय ६४, नोकरीतून निवृत्त. गच्चीवर सुमारे ६० कुंड्या असून त्यांत जास्वंद, गुलाब, लिंबू, कढीपत्ता, मोगरा आणि तुळस आहे. फेब्रुवारीपासून जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखी पांढरी कीड दिसते, कळ्या उमलण्याआधीच गळतात आणि खालची पाने चिकट व काळी पडली आहेत. शेजाऱ्यांनी आपल्या मोठ्या डब्यातून कोल्ड ड्रिंकच्या बाटलीत ओतून दिलेले औषध त्यांनी टोपणाने मोजून फवारले. फरक पडेना, म्हणून पुढच्या वेळी मात्रा दुप्पट केली आणि एकदा झुरळांचा स्प्रेही मारून पाहिला. कीड राहिली, गुलाबाची पाने मात्र करपली. त्या संध्याकाळी त्यांचे डोके दुखत होते आणि पत्नीला मळमळत होते. उरलेले औषध त्याच बाटलीत जिन्याखाली ठेवलेले आहे. पत्नीचे म्हणणे असे की यापुढे कडुनिंबाशिवाय काहीही घरात येऊ द्यायचे नाही. ८६ वर्षांच्या आई रोज तुळशीचे पान तोंडात टाकतात आणि १० मेनंतर नातवंडे सुट्टीला येणार आहेत. ते विचारतात, 'एकदाच मारले की कीड समूळ जाईल असे जालीम औषध कोणते, आणि ते सुरक्षितपणे कसे वापरावे?'

सप्रेम नमस्कार.

पुढचे उत्तर वाचण्यापूर्वी एक काम करा. जिन्याखालची ती बाटली हातमोजे घालून उचला, झाकण घट्ट आहे ना ते पाहा, तिच्यावर जाड अक्षरांत 'विष' असे लिहून चिकटवा आणि पत्र्याच्या डब्यात घालून कुलपात ठेवा. सुट्टीत तहानलेले मूल जिन्यावरून धावत येते, तेव्हा ओळखीच्या आकाराच्या बाटलीत काय आहे हे ते विचारत बसत नाही. हे औषध मोरीत किंवा गटारात ओतू नका. आपल्या शहरात कचरा सहा प्रकारांनी वेगळा करून देण्याची सवय घरोघरी लागलेली आहे आणि त्यांतला एक प्रकार घरगुती घातक कचऱ्याचा आहे. महापालिकेच्या गाडीवरील माणसाला बाटलीत कीटकनाशक आहे असे स्पष्ट सांगून ती त्या भागात द्या. औषध अजून चांगले असेल, वाया कशाला घालवायचे, असा विचार मनात येईल, परंतु ज्याचे नाव, तीव्रता आणि अंतिम तारीख आपल्याला ठाऊक नाही, त्याची योग्य मात्रा कोणालाही सांगता येणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. औषध पुरेसे जालीम नव्हते, हे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमच्या वर्णनावरून मला तसे वाटत नाही. जास्वंदीवर जे दिसते आहे तो बहुधा पिठ्या ढेकूण आहे, ज्याला कृषी दुकानदार मिलीबग म्हणतात. त्याच्या अंगावर मेणकट पांढऱ्या भुकटीचा थर असतो आणि अंडी तर कापसासारख्या पिशवीतच असतात. एका मादीच्या पिशवीत शेकडो अंडी असू शकतात. साधे पाणी त्या थरावरून मोत्यासारखे घरंगळून जाते आणि पाण्यात मिसळलेले औषधही त्याच वाटेने जाते. पानाच्या वरच्या बाजूला तुम्ही कितीही फवारा मारला, तरी ढेकूण मात्र पानाच्या खाली, देठाच्या बेचक्यात आणि कळीच्या मुळाशी दडून बसलेला असतो. अशा वेळी मात्रा दुप्पट केल्याने औषध दुप्पट पोहोचत नाही. ते पानावर आणि आपल्या अंगावर मात्र दुप्पट पडते. गुलाबाची पाने आणि तुमचे डोके या दोहोंनी त्याची साक्ष दिलेलीच आहे.

झुरळांच्या स्प्रेविषयी दोनच वाक्ये. तो जमिनीवरच्या फटींसाठी बनवलेला असतो, त्यातील द्रावके कोवळी पाने जाळतात आणि त्याच्या डब्यावर झाडांसाठी मात्रा दिलेली नसते. तो झाडांपासून दूरच ठेवा.

उद्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, एक भिंग घेऊन जास्वंदीचा एकच शेंडा दहा मिनिटे पाहा. पांढऱ्या गोळ्यांच्या आजूबाजूला मुंग्यांची ये-जा दिसेल. ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जादा साखर चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या त्या द्रवासाठी त्याचे रक्षण करतात, आणि तोच द्रव खालच्या पानांवर पडून त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. म्हणजे तुमची काळी पाने हा वेगळा रोग नाही आणि त्यासाठी वेगळे बुरशीनाशक आणण्याचे कारण नाही. ढेकूण गेला की ओल्या फडक्याने पाने पुसून काढता येतात. आणखी एक गोष्ट नीट पाहा. एखादा 'ढेकूण' इतरांपेक्षा मोठा असेल, त्याच्या अंगावर लांब पांढरे तंतू असतील आणि तो चटकन पळत असेल, तर तो ढेकूण नसून ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असण्याची शक्यता आहे. ती शत्रूसारखीच दिसते. मी स्वतः कैक वर्षांपूर्वी अशा अळ्या टूथब्रशने खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवल्या आणि नंतर चित्र पाहून हळहळलो.

हे मित्रकीटक म्हणजे केवळ हौशी लोकांचे कौतुक आहे असे समजू नका. २००८ साली कोइमतूरच्या बाजूला पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे तो अनेक राज्यांत पसरला. शेतकऱ्यांनी एकामागून एक औषधे मारली, तरी तो हटेना. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेली डोळ्यांना जेमतेम दिसणारी, ढेकणाच्याच शरीरात वाढणारी एक परोपजीवी गांधीलमाशी सोडण्यात आली आणि मग तो आटोक्यात आला. सरसकट फवारणीत असे कीटक आधी मरतात, कारण त्यांच्या अंगावर मेणाचा थर नसतो. 'औषध मारले की महिन्याभरात कीड आणखी वाढते' ही तक्रार मी नेहमी ऐकतो. तिचे एक मोठे कारण हेच आहे.

तुमच्या पत्नीचा आग्रह मला बराचसा पटतो, मात्र त्यातही एक गृहीत तपासायला हवे. कडुनिंबाचे आहे म्हणजे कसेही मारले तरी चालते, असे नाही. निंबोळी तेल पाण्यात आपोआप मिसळत नाही. नुसते ओतून हलवले, तर ते वर तरंगते आणि पंपातून कधी नुसते पाणी, तर कधी नुसते तेल येते. त्या तेलाने पाने जळतात. एक लिटर पाण्यासाठी ५ मिली निंबोळी तेल घ्या, ते आधी १ ते २ मिली पातळ साबणात चांगले घोटा, दुधासारखे पांढरे झाले की थोडे थोडे पाणी घाला आणि फवारताना पंप मधूनमधून हलवत राहा. बाजारात मिळणारी तयार कडुनिंब औषधे १५००, ३००० किंवा १०,००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत मूळ घटकाचे तितके भाग) अशा वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. त्यांची मात्रा एकसारखी नसते, म्हणून ती लेबलवरूनच घ्यावी. त्यातील अझाडिरॅक्टिन हा किडीवर काम करणारा मूळ घटक उन्हात लवकर विरून जातो. त्यामुळे सकाळी अकराला मारलेले कडुनिंब संध्याकाळपर्यंत फारसे उरत नाही. सूर्य मावळतीला लागला की फवारणी करा. पहिल्या वेळी प्रत्येक जातीच्या एकाच फांदीवर मारून २४ तास वाट पाहणे शहाणपणाचे आहे.

पाण्याविषयीही सांगायला हवे, कारण आपल्याकडे अनेक घरांत नर्मदेचे पाणी आणि बोअरिंगचे पाणी असे दोन नळ असतात. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. अशा पाण्यातले साबणाचे किंवा निंबोळीचे द्रावण निम्मेही काम करत नाही, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर मॅलॅथिऑन, डायमेथोएटसारखी रासायनिक औषधेही त्यात लवकर विघटित होतात. फवारणीसाठी नर्मदेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरा. कपडे धुण्याची पावडर मात्र घालू नका, कारण कोवळ्या शेंड्यांना ती सोसत नाही.

आता प्रत्यक्ष जास्वंदीचे पाहू. जे शेंडे पूर्ण पांढरे झाले आहेत, ते वाचवण्याच्या फंदात पडू नका. कात्रीने कापून तिथल्या तिथे पिशवीत टाका आणि पिशवीचे तोंड बांधा. कापलेली फांदी गच्चीभर झटकत नेली, तर बारीक पिल्ले इतर कुंड्यांत पडतात. उरलेल्या फांद्यांवर पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूने मारा. बेचक्यांतले गोळे जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात भिजवून काढा. थोडेसेच असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो, मात्र ते काम उन्हात आणि विस्तवाजवळ करू नये. खोडाभोवती कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिन लावले की मुंग्यांची वाट बंद होते. कुंड्यांचे पाय पाण्याच्या ताटल्यांत ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात, पण त्यात डास होतात.

त्यानंतर निंबोळीची फवारणी करा आणि ती ७ ते १० दिवसांच्या अंतराने तीनदा करा. 'एकदाच मारले की समूळ' ही तुमची अपेक्षा इथे सोडावी लागेल. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत कोणतेही स्पर्शजन्य, म्हणजे किडीच्या अंगाला लागल्यावरच मारणारे, औषध नीट पोहोचत नाही. अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली, अजून मेण न धरलेली पिल्ले मात्र साध्या साबणानेही मरतात. तीन फवारण्या म्हणजे त्या पिल्लांच्या तीन तुकड्यांना गाठणे होय. आज सुरुवात केलीत तर नातवंडे येईपर्यंत तिसरी फवारणी आटोपलेली असेल.

इतके करूनही नवे शेंडे पुन्हा पांढरे झाले, तर जास्वंद आणि मोगरा अशा केवळ शोभेच्या झाडांसाठी परवानाधारक कृषी दुकानातून ब्युप्रोफेझिनची लहानात लहान सीलबंद बाटली आणा, पक्के बिल घ्या आणि अंतिम तारीख पाहा. हे औषध पिल्लांची कात टाकण्याची क्रिया थांबवते. मोठ्या किड्यांना ते लगेच मारत नाही, त्यामुळे दोन-तीन दिवसांत काही दिसले नाही म्हणून मात्रा वाढवू नका. दुकानदार कदाचित इमिडाक्लोप्रिड पुढे करील. ते आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या रसात शिरते, आणि म्हणूनच रस शोषणाऱ्या किडीवर चालते. पण तोच अंश फुलांच्या मधात उतरतो. जास्वंदीवर सकाळी मधमाश्या आणि शिंजीर पक्षी येतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. युरोपीय संघाने २०१८ मध्ये मधमाश्यांच्या काळजीपोटी त्याच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. फुलावर आलेल्या झाडासाठी मी ते सुचवणार नाही.

बाटली निवडताना लेबलवरचा कोनावर उभा असलेला चौकोन पाहायला शिका. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. लाल आणि पिवळ्या चिन्हाची औषधे घरच्या गच्चीवर आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात डायक्लोरव्हॉस हे जुने कीटकनाशक पडले असेल तर तेही घातक कचऱ्यात द्या, कारण २०२० च्या अखेरीपासून देशात त्याचा वापर बंद झाला आहे.

मात्रेचा हिशेब बहुतेकांचा इथेच चुकतो, म्हणून तो जरा विस्ताराने मांडतो. लेबलवर मात्रा शेतीच्या भाषेत दिलेली असते. समजा, 'हेक्टरी १२५ मिली औषध, ५०० लिटर पाण्यातून' असे लिहिले आहे. १२५ ला ५०० ने भागले की लिटरमागे पाव मिली येते, म्हणजे जेमतेम पाच थेंब. तुमच्या बाटलीच्या टोपणात ५ मिली द्रव सहज मावतो. लिटरभर पाण्यात एक टोपण टाकले असेल, तर अशा औषधाची मात्रा वीसपट झाली, आणि दुप्पट केली तेव्हा चाळीसपट! औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १ मिलीची आणि ५ मिलीची सिरिंज आणा आणि त्यांवर खूण करून केवळ याच कामासाठी ठेवा. पंपात आधी अर्धे पाणी, मग औषध, मग उरलेले पाणी असा क्रम ठेवा. साठ कुंड्यांना दोन-तीन लिटर द्रावण पुरते. तेवढेच करा, कारण उरलेले द्रावण दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही आणि टाकायलाही जागा नसते. दोन औषधे एकत्र करू नका. कधीकाळी तणनाशक भरलेला पंप झाडांसाठी वापरू नका. आणि नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, ते टाचणीने नव्हे तर जुन्या ब्रशने आणि पाण्याने साफ करा.

फवारणीच्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी किंवा नायट्राइल हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क हवा. तोंडाला बांधलेला पंचा उपयोगाचा नाही, कारण तो ओला झाला की औषध नाकाशीच धरून ठेवतो. वाऱ्याकडे पाठ करून मागे सरकत फवारा. डोक्यापेक्षा उंच फांद्यांवर खालून वर फवारा मारला की तो आपल्याच चेहऱ्यावर उतरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा छातीच्या वर गेलेल्या कपाशीतून, अंगावर संरक्षक कपडे नसताना केलेली फवारणी हे चर्चेतले एक महत्त्वाचे कारण होते. गच्चीवरची तुमची फवारणी त्या मानाने किरकोळ आहे, परंतु उंच जास्वंद आधी छाटून खांद्याखाली आणणे आपल्या हातात आहे.

आणि कूलर! तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण एप्रिलच्या संध्याकाळी माळव्यातल्या घरात तो चालू नसेल असे होत नाही. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो. गच्चीवरचा फवारा खाली खिडकीतल्या कूलरने खेचला, तर तो थेट खोलीत येतो. तुमच्या पत्नी गच्चीवर आल्याच नव्हत्या आणि तरी त्यांना मळमळले असेल, तर मला पहिला संशय कूलरचा येतो. फवारणीपूर्वी अर्धा तास आणि नंतर निदान दोन तास तो बंद ठेवा, खिडक्या लावा, पाण्याच्या टाकीचे झाकण घट्ट करा आणि शेजारच्या गच्चीवर कुरडया-पापड वाळत आहेत का ते विचारून घ्या. माझ्या एका दुपारच्या फवारणीपायी शेजारच्या काकूंना दोन ताटे सांडगे टाकून द्यावे लागले होते. त्यांनी काही म्हटले नाही, पण पुढची दोन वर्षे आमच्याकडे सांडगे आले नाहीत.

तुळस, कढीपत्ता आणि लिंबू यांच्यासाठी नियम निराळा ठेवा. तुळशीवर कोणतेही औषध नको, निंबोळीही नको, कारण आई पान रोज तोंडात टाकतात आणि कडू पान त्यांना लगेच कळेल. कीड आली तर पाण्याची धार आणि छाटणी पुरते. फवारणीच्या आधी तुळशीची कुंडी आत न्या. कढीपत्त्याचेही तसेच करा. शेतीच्या औषधांवर काढणीपूर्वी किती दिवस थांबावे हे दिलेले असते, पण आपण कढीपत्ता रोज चार पानांनी तोडतो, त्याला तो हिशेब लागू करता येत नाही. लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर हाताने उचलून टाका. तिला डिवचल्यावर ती डोक्यातून केशरी शिंगे काढते आणि उग्र वास सोडते, पण ती चावत नाही. ते काम नातवंडांना आनंदाने देता येईल, फक्त नंतर हात धुवायला लावा.

जास्वंदीला युरिया घालत असाल तर थांबवा. जादा नत्राने शेंडे कोवळे, रसाळ होतात आणि रस शोषणाऱ्या किडीला तेच हवे असते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथल्याच संशोधन संस्थेत कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. झाडावरची कीड हे जमिनीच्या आणि मशागतीच्या दोषाचे लक्षण म्हणून पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. तो मला सर्वस्वी मान्य नाही, कारण निरोगी झाडांनाही ढेकूण लागतो, पण कुंडीत नुसती काळी माती भरली असेल आणि पाणी साचत असेल, तर पावसाळ्यापूर्वी कंपोस्ट व वाळू मिसळून माती बदला.

त्या संध्याकाळच्या डोकेदुखीविषयी शेवटी लिहितो. ती आता थांबली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र पुढे कधी फवारणीनंतर उलट्या, खूप घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे किंवा स्नायू थरथरणे असे काही झाले, तर कपडे बदलून साबणाने अंग धुवा, उलटी मुद्दाम काढू नका आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन लगेच रुग्णालयात जा. डॉक्टरांना औषधाचे नाव कळले की उपचार लवकर सुरू होतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रिजच्या दारावर लावून ठेवा, आणि फवारणीचे कपडे घरच्या इतर धुण्यात घालू नका.